पटावर बसलं की मन भरकटतं

"मॅडम, बुद्धिबळाच्या बोर्डसमोर बसतो, पण लक्ष भलतीकडेच. रेटिंग उतरत चाललंय. काही औषध-बिषध?" आईने एका दमात सांगून टाकलं. मुलगा नववीतला. ओळख पटेल असे तपशील गाळते आहे.

मी आधी शाळा, झोप, गृहपाठ यांची चौकशी केली. तिथे लक्ष लागत नसतं, तर तपासणीसाठी पाठवलंच असतं. पण तिथे सगळं ठीक होतं. झटपट डावांतही अडचण नव्हती. घोडं अडायचं ते लांबच्या डावात, स्थिती गुंतागुंतीची झाली की. मग स्वतःला दटावण्यातच त्याची दहा-पंधरा मिनिटं जायची.

लात्वियाचा मिखाईल ताल त्याला ठाऊक होता. रीगाचा जादूगार, 1960 मध्ये तेव्हाचा जगज्जेता बोटविनिक याला साडेबारा-साडेआठने हरवून तेविसाव्या वर्षी जगज्जेता झालेला. पाणघोड्याचा किस्सा मात्र त्याने ऐकला नव्हता.

सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत वास्युकोवविरुद्ध घोड्याचं बलिदान द्यावं का, यावर ताल विचार करत होता. पुढच्या शक्य चालींच्या फांद्यांना फांद्या फुटत गेल्या आणि मध्येच चुकोव्स्कीच्या बालकवितेतली ओळ आठवली: दलदलीतून पाणघोडा ओढून काढणं किती अवघड! झालं, महाशय जॅक, तरफा, हेलिकॉप्टर, दोरीची शिडी असले उपाय शोधत बसले. जमेना, तेव्हा मनात म्हणाले, बुडू दे मेल्याला! पाणघोडा गेला. पटाकडे पाहिलं तर सगळं मोजून काढणं शक्यच नव्हतं. हे बलिदान अंदाजानेच द्यायचं होतं. दिलं, डावही जिंकला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, तालने चाळीस मिनिटं बारकाईने हिशोब करून घोडा दिला!

मुलगा खो-खो हसला. किश्शाला तिखटमीठ लागलेलं असेल. माझं काम झालं.

"पण तो ताल होता," आई म्हणाल्या. होता ना. वर्षभरात बोटविनिककडून परतीच्या लढतीत हरला, दुखण्यांनी पिचला, 1969 मध्ये एक मूत्रपिंड काढावं लागलं. त्यानंतर 1973-74 मध्ये सलग 95 डाव अपराजित राहिला. रेटिंगच्या दोन-तीन महिन्यांच्या उतारावरून मुलाचा निकाल लावू नका, एवढंच त्यांना सांगितलं.

मुलाशी ठरलं ते असं: भरकटलास तर भांडू नकोस. प्रतिस्पर्ध्याचं घड्याळ चालू असताना उठ, पाणी पी, परत ये आणि एकच प्रश्न विचार, त्याची शेवटची चाल कशासाठी? पुढच्या स्पर्धेत तो मधल्या फळीतच राहिला. आई थोड्या नाराज होत्या. तो स्वतः मात्र प्रत्येक डावाच्या नोंदी घेऊन आला होता, हरलेल्या डावांच्यासुद्धा.