माळावर काय शिकायचं?

प्रश्न : मी मोहोळ तालुक्यातली. सोलापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. एम.एस्सी.ला इकॉलॉजी आणि जीवभूगोल घ्यायचं मनात आहे. मैत्रिणी म्हणतात, त्याला सह्याद्रीतलं जंगल लागतं, आपल्याकडे नुसता माळ आणि फुफाटा. वडील म्हणतात, बी.एड. कर. मॅडम, काय करू?

उत्तर : पोरी, तुझ्या मैत्रिणींचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवलं ते याच माळावर मुलांना फिरवून.

जीवभूगोलाचा मूळ प्रश्न एवढाच : अमुक जीव इथेच का, तिथे का नाही? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सोलापूर सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरही नाही, पण इथे एक हजाराचाही आकडा सहसा गाठत नाही. खडक दोन्हीकडे बेसाल्टच. मग तिथे सदाहरित रान आणि इथे कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं, हे का? हा प्रश्न तुझ्या दारात पडलाय.

आता माळढोक पक्षी घे. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूरजवळच्या नान्नज आणि भोवतालच्या मुलखात अभयारण्य झालं. आज देशातले उरलेसुरले माळढोक बहुतेक जैसलमेरकडे आहेत, नान्नजला दिसला तर नशीब. त्याच्या अर्डिओटिस या प्रजातीत चारच जाती आहेत. आपला एक, आफ्रिकेतला कोरी, आफ्रिका-अरबस्तानातला एक आणि चौथा थेट ऑस्ट्रेलियात! सगळे उघड्या, कोरड्या मुलखातले. त्यांचे पूर्वज कुठून कुठे गेले, मधले दुवे कुठे तुटले, याचा विचार करायला लागलीस की जगाचा नकाशा वेगळा दिसतो. आणि अशा माळावर कुणी 'हिरवं करू' म्हणून झाडं लावली की माझा जीव तुटतो. माळढोकाला, जमिनीवर पळणाऱ्या धाविक पक्ष्याला, काळविटाला लांबवर दिसणारी मोकळी जमीन लागते, तिथे सावली करून त्यांचं घर जातं.

दिवाळीच्या सुमारास ओढणीला कुसळं चिकटतात ना, त्यातलं एक काढून तळहातावर ठेव आणि पाण्याचा थेंब सोड. पिळलेली शेपटी उलगडत गोल फिरू लागेल. रानात हेच फिरणं टोकदार बी मातीत रुतवतं. पाऊस कमी, जमीन कडक, तिथे टिकायची युक्ती ही अशी असते.

प्रवेशाचं बघ. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) आणि पुदुच्चेरी विद्यापीठ, या तिन्ही ठिकाणी चांगले अभ्यासक्रम आहेत. पहिल्या दोन ठिकाणी जागा अगदी थोड्या आणि प्रवेश दरवर्षी निघेलच असं नाही, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेव. संख्याशास्त्र टाळू नकोस. प्राणिशास्त्राची मुलं तिथेच अडतात. आकडेमोडीसाठी 'आर' आणि नकाशांसाठी 'क्यूजीआयएस' ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, आतापासून हात बसव.

वडिलांना मात्र खरं सांग. या विषयात कायमच्या नोकऱ्या कमी आहेत, सुरुवातीची काही वर्षं प्रकल्पांवर काढावी लागतात. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं, हेही सांग. मुलगी एकटी रानात कशी फिरणार, ही धास्ती ते बोलून दाखवणार नाहीत, पण ती असेल. त्यांना एकदा बरोबर घेऊन जा. जनावर कुठल्या गवताला तोंड लावतं आणि कुठलं सोडतं, हे त्यांना तुझ्या प्राध्यापकांपेक्षा जास्त ठाऊक असेल, ते विचारून वहीत टिपून घे.

अभयारण्यात अभ्यास करायला वनखात्याची परवानगी लागते, तुमच्या बांधावर नाही. एक मीटर लांब-रुंद चौकट दोरीनं आख. एक वर मुरमाड जागेत, एक खाली काळ्या मातीत. दोन्हींत कुठलं गवत किती, ते आषाढात, दसऱ्याला आणि चैत्रात मोज. मुलाखतीला जाताना ती वही घेऊन जा.