जबाबदार, उत्तरदायी आणि जाब

शिकागो शहराने पिस्तुले बनवणाऱ्या ग्लॉक कंपनीवर लावलेल्या दाव्याची बातमी वाचून एका वाचकाने विचारले आहे : ग्राहकाने पिस्तुलात बेकायदा फेरफार केला, तर कंपनीला ‘जबाबदार’ म्हणावे की ‘उत्तरदायी’?

‘जबाबदार’च म्हणावे, पण ‘कारणीभूत’ या अर्थाने मुळीच नव्हे. ‘अपघाताला पाऊस जबाबदार’ हे वाक्य रोज कानावर येते आणि दर वेळी खटकते. पावसाचा जबाब कोण नोंदवणार?

अरबी ‘जवाब’ला ‘बाळगणारा’ या अर्थाचा फारसी ‘दार’ जोडून हा शब्द झाला. मराठीने जबाबाचे ‘जाब’ असे आखूड रूप केले. पेशवेकालीन कागदांत वाटाघाटींना ‘जाबसाल’ म्हटलेले आढळते, म्हणजे जबाब आणि सवाल, त्यातही उत्तर आधी! ‘जबाबदार’ला खरी धार या ‘जाब विचारण्या’ने आली, असे माझे ठाम मत आहे. जुन्या गावगाड्यात चोरी झाली की चोराचा माग शिवेबाहेर काढून देईपर्यंत जागल्याला, म्हणजे गावच्या राखणदाराला, जाब द्यावा लागे. चोरी त्याने केलेली नसे, तरी जबाबदार तोच. ‘उत्तरदायी’चा आग्रह धरणाऱ्या शुद्धिवाद्यांनी परका शब्द घालवताना हा सारा गावगाडाच घालवला. सरकारी मराठीतले ‘दायित्व’ कायद्याने अंगावर येणाऱ्या देण्यापुरते ठीक आहे.

शिकागोचा वाद नेमका जागल्याचा आहे. पिस्तुलाच्या मागच्या बाजूला बसणारा, नाण्याएवढा एक खटका लावला, की चाप दाबून धरताच गोळ्यांची सरबत्ती सुरू होते, मिनिटाला सुमारे १,२०० या वेगाने. अमेरिकी कायद्यात तो नुसता खटकाही ‘मशीनगन’च ठरतो आणि तो ग्लॉक बनवत नाही. मार्च २०२४ मध्ये दावा लावताना शहराचे म्हणणे असे होते, की हा फेरफार किती सोपा आहे हे कंपनीला वर्षानुवर्षे ठाऊक असूनही तिने रचना बदलली नाही. त्याआधीच्या दोन वर्षांत पोलिसांनी अशी १,१०० हून अधिक पिस्तुले जप्त केल्याचेही शहराने सांगितले. दुसऱ्याने केलेल्या गुन्ह्याबद्दल शस्त्र बनवणाऱ्याला जाब विचारण्याची वाट २००५ च्या संघीय कायद्याने बहुतांशी बंद केली आहे. मात्र विक्री वा जाहिरातीविषयीचा कायदा उत्पादकाने जाणूनबुजून मोडला आणि त्यातूनच हानी झाली, तर ती वाट उघडते.

म्हणून बातमीत लिहावे : गोळीबाराला कारणीभूत कोण, तर खटका बसवून गोळ्या झाडणारा; ग्लॉक जबाबदार आहे की नाही, हा न्यायालयापुढचा प्रश्न.