पवित्रा घेतला, आता सोडायचा कधी?

प्रश्न (एक वाचक, जुळे सोलापूर): आम्ही मित्र मिळून रविवारी डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत पात्रं खेळायचा टेबलावरचा खेळ) खेळतो, रूल्स पाचव्या एडिशनचे पण जग आमचं आहे, आपला भुईकोट किल्ला आणि विजापूर-अहमदनगरच्या ओढाताणीचा काळ. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि शत्रू चालवणारा. आमच्यातला एकजण तालमीत जाणारा, त्याच्यासाठी मी 'पैलवान' असा क्लास (पात्राचा प्रकार) बनवला आणि चार पवित्रे (स्टान्स) दिले. 'ढाण्या'मध्ये अटॅक रोलला (वार लागतो का ते ठरवणारा फासा) वजा 2 आणि डॅमेजला अधिक 4, 'बुरूज'मध्ये आर्मर क्लास (वार लागायला शत्रूनं गाठायचा आकडा) अधिक 2, शिवाय 'वारा' आणि 'पकड'. प्रॉब्लेम असा की फाईट सुरू झाली की गडी ढाण्या घेतो तो शेवटपर्यंत सोडतच नाही, बाकी तीन शीटवर नुसते पडून. त्यांचे आकडे वाढवू का?

उत्तर: आकडे अजिबात वाढवू नका. वाढवले तर तो त्यातला सगळ्यात मोठा आकडा बघून तिथं ठाण मांडेल, म्हणजे पवित्रा बदलेल पण ठाण मांडायची सवय तशीच. तुमच्या क्लासमध्ये पवित्रा घ्यायला कारण आहे पण सोडायला कारणच नाहीये, आणि मला मनापासून वाटतं की हे डिझाइन सगळं त्या सोडण्यातच आहे. जो पवित्रा सोडावासा वाटत नाही तो पवित्रा नव्हेच, तो कायमचा बोनस आहे, फक्त दर फाईटला तो चालू करायला एक ॲक्शन वाया घालवावी लागते इतकंच.

आधी ढाण्याचा हिशोब करू, कारण घोटाळा तिथंच आहे. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक 1 म्हणजे 5 टक्के. समजा पैलवानाचा वार लागण्यासाठी फाशावर 8 किंवा वर हवेत, म्हणजे 65 टक्के, आणि डॅमेज सरासरी साडेसात, तर एका वाराला सरासरी 4.9 पडतात. ढाण्यात तेच 55 टक्के आणि साडेअकरा, म्हणजे 6.3. बरं, समोर चिलखतवाला आणा ज्याला लागायला 14 हवेत, तरी साध्या वाराला 2.6 आणि ढाण्यात 2.9. म्हणजे हलका शत्रू असो की जड, ढाण्याच भारी, मग तुमचा मित्र तो कशाला सोडेल? तो बरोबर खेळतोय, गणित चुकलंय. आता फक्त ते अधिक 4 चं अधिक 2 करून बघा: हलक्या शत्रूवर 5.2, साध्या वारापेक्षा थोडं जास्त, पण चिलखतवाल्यावर 2.4, म्हणजे साध्या वारापेक्षा कमी! एवढ्या एका बदलानं समोर कोण उभाय हे बघून पवित्रा ठरवावा लागतो. यात क्रिटिकल हिट (20 पडला की डॅमेजचे फासे दुप्पट) धरलेले नाहीत, पण त्यानं चित्र फारसं बदलत नाही.

पण नुसत्या आकड्यांवर थांबू नका. दुसरी गोष्ट म्हणजे पवित्रा मोडता आला पाहिजे. तुमच्याच रूलबुकमधला बार्बेरियन या क्लासचा रेज बघा की, नाव स्टान्स नाही पण वागणूक तीच. 2014 च्या नियमांत तो एक मिनिट टिकतो, म्हणजे दहा राउंड (एका राउंडात सगळ्यांची एकेक टर्न), पण मधल्या काळात तुम्ही शत्रूवर अटॅक केला नाही आणि तुम्हाला मारही बसला नाही तर टर्नच्या शेवटी तो संपतो. म्हणजे रेजमध्ये असलेल्या माणसाला मागं सरून श्वास घेता येत नाही, भांडणाच्या तोंडावर राहावंच लागतं. त्याच क्लासचा रेकलेस अटॅक तर आणखी उघड: तुम्हाला ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा), आणि तुमच्या पुढच्या टर्नपर्यंत तुमच्यावर येणाऱ्या प्रत्येक अटॅकलाही ॲडव्हांटेज. समोर एकटा असेल तर खुशाल करा, चौघांनी घेरलं असेल तर दहा वेळा विचार करा.

पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच दुसऱ्या खेळाच्या 2019 च्या दुसऱ्या एडिशनमध्ये तर हा विचार नियमातच लिहून टाकलाय. एका वेळी एकच स्टान्स, फक्त लढाई चालू असताना, आणि एकदा घेतला की एक राउंड दुसरा घेता येत नाही. तिथल्या मंकचा माउंटन स्टान्स मला फार आवडतो, कारण त्यात पाय जमिनीला टेकलेले पाहिजेत ही अट आहे. आर्मर क्लास दणकून वाढतो, चाल (एका खेपेला जाता येणारं अंतर) मात्र पाच फुटांनी कमी होते आणि कुणी उचलून हवेत फेकलं की स्टान्स गेला. शत्रूला करण्यासारखं काहीतरी मिळतं, आणि डीएमला पण.

तुमच्याकडे तर तालमीतला माणूस टेबलावर बसलाय, त्यालाच विचारा ना! पैलवान खाली वाकून उभा राहिला की पट काढणं अवघड होतं, पण मान पुढं येते आणि समोरचा मानेवर हात टाकून दाबतो. ताठ उभा राहिला तर मान वाचते आणि पाय उघडे पडतात. दोन्ही मिळत नाही. हेच उचला. बुरूजमध्ये आर्मर क्लास अधिक 2 राहू दे, पण हलता येणार नाही, आणि कुणी ढकलून जागेवरून नकाशावरचं एक घर जरी सरकवलं तरी पवित्रा मोडला. मग तीच फाईट किल्ल्याच्या खंदकाच्या काठावर घ्या आणि बघा, बुरूज घेतलेल्या पैलवानाला शत्रू तलवारीनं मारायच्या ऐवजी ढालीनं रेटायला लागतील आणि तुमचा मित्र मनातल्या मनात घरं मोजायला लागेल. 'वारा'मध्ये चाल दहा फूट जास्त, पण निम्मी तरी चाल वापरली नाही तर टर्नच्या शेवटी तो उतरतो. पकडमध्ये एकालाच धरून ठेवा, आणि बाकी सगळ्यांना याच्यावर ॲडव्हांटेज. एकास एक कुस्तीत हा राजा, गर्दीत मरण.

बदलायची किंमत मात्र स्वस्त ठेवा, बोनस ॲक्शन (टर्नमधली छोटी जादा कृती) पुरे. पूर्ण ॲक्शन मागितली तर कुणीच बदलत नाही, एक टर्न वार न करता घालवणं पाचव्या एडिशनमध्ये फार जड जातं, कारण बऱ्याच फाईटी तीन-चार राउंडात उरकतात. आणि पवित्रा कधीही लपवू नका. तो अंगावर दिसतो, म्हणून शत्रूलाही कळलाच पाहिजे, डीएमनं तसं तोंडानं बोलून दाखवायचं: 'त्यानं पाय रोवलेले बघून धनुर्धारी बाजूला सरकतात.'

प्रश्न (एक वाचक, होटगी रोड): पैलवानाचं बघून माझ्या बहिणीला तिच्या विझार्डसाठीपण स्टान्स हवाय. सगळ्या क्लासना द्यावेत का?

उत्तर: नको. विझार्डकडे कॉन्सन्ट्रेशन (लक्ष लावून स्पेल चालू ठेवणं) आहे, आणि तो याच जातीचा नियम आहे. एका वेळी एकच स्पेल धरता येतो, मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (अंगातल्या दमावर टिकायचा फासा), 10 किंवा डॅमेजच्या निम्मे यातलं जे जास्त ते गाठायचं, नाहीतर स्पेल सुटला. त्यावर आणखी स्टान्स चढवला तर तिला एकाच टर्नला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील आणि बाकीचे मोबाईल काढून बसतील. दर टर्नला 'मारतो' याशिवाय ज्याच्याकडे सांगायला काही नाही त्यांना पवित्रे द्या, फायटर, पैलवान असे.

प्रश्न (एक वाचक, अक्कलकोट रोड): आम्ही टेबलावर कोणता स्टान्स चालू आहे तेच विसरतो आणि मग मागचे रोल परत मोजत बसतो. उपाय?

उत्तर: पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या, प्रत्येक पवित्र्याचा एक, आणि चालू असलेला प्लेअरच्या समोर सगळ्यांना दिसेल असा उभा करा. त्यावर दोनच ओळी लिहायच्या, मिळतं काय आणि मोडतो कशानं. तिसरी ओळ लागत असेल तर पवित्राच छाटा. बेरीज-वजाबाकी शक्यतो शीटवर आधीच करून ठेवा, म्हणजे 'ढाण्यात अटॅक अधिक 3, डॅमेज अधिक 5' असं तयार लिहिलेलं, फासा टाकल्यावर डोक्यात बेरीज नको. आणि कार्ड उचलायचा मान मोडणाऱ्याला द्या, शत्रूनं मोडला तर डीएमनं हात घालून ते टेबलावरून काढायचं.