वाचकांचे प्रश्न : न्याय्य वाटणी ठरवायची कशी?

कल्याणाचे अर्थशास्त्र आणि सामाजिक न्याय यांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. बहुतेकांना सिद्धान्तांची नावे माहीत आहेत; आकडे समोर आले की ते वापरायचे कसे, इथे अडते. म्हणून उत्तरांत आकडेमोड करून दाखवली आहे. कागद-पेन्सिल घेऊन वाचलेत तर जास्त उपयोग होईल.

प्रश्न : तीन योजनांपैकी एक निवडायची आहे. उपयोगितावाद बेरीज पाहतो आणि तत्त्वज्ञ जॉन रॉल्स तळाचा माणूस पाहतो, एवढे वाचले आहे. प्रत्यक्षात निवड खरोखर बदलते का?

बदलते. सारख्या आकाराचे तीन गट घ्या. पहिल्या योजनेत त्यांची उत्पन्ने १०, ४० आणि १०० होतात. दुसरीत २०, ३५ आणि ८०. तिसरीत २५, ३० आणि ४५.

आधी बेरीज करा : १५०, १३५, १००. पहिली योजना जिंकते. मग प्रत्येक योजनेतला सर्वांत लहान आकडा पाहा : १०, २०, २५. आता तिसरी जिंकते. शेवटी तिन्ही आकड्यांचा गुणाकार करा : ४०,०००, ५६,००० आणि ३३,७५०. आता दुसरी पुढे येते. आकडे तेच राहिले, पण तीन कसोट्यांनी तीन वेगळी उत्तरे दिली.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. उत्पन्नांची बेरीज करणे म्हणजे उपयोगितावाद नव्हे. तो समाधानाची बेरीज करतो, आणि उत्पन्न वाढेल तसा पुढच्या प्रत्येक रुपयाचा उपयोग घटत जातो. अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये गरिबांकडे उत्पन्न वळवण्याचे समर्थन केले ते याच आधारावर. समाधान लॉगॅरिदमच्या प्रमाणात वाढते, म्हणजे उत्पन्न दुप्पट झाले की दर वेळी समाधानात सारखीच भर पडते, असे मानले, तर त्याची बेरीज करणे आणि उत्पन्नांचा गुणाकार करणे यांतून क्रम एकच निघतो. म्हणजे उपयोगितावादीही दुसरी योजना निवडू शकतो.

ही सगळी निवड एका आकड्यात मांडण्याची रीत अर्थशास्त्रज्ञ ॲंथनी ॲटकिन्सन यांनी १९७० मध्ये दिली, आणि आमच्या मते ती सर्वांत प्रामाणिक आहे. विषमता आपल्याला किती खटकते, याचा एक गुणांक आधीच उघडपणे ठरवायचा. तो शून्य असेल तर फक्त सरासरी मोजली जाते. १ असेल तर भूमितीय मध्य (इथे तिन्ही उत्पन्नांच्या गुणाकाराचे घनमूळ) घ्यायचा, २ असेल तर हरात्मक मध्य (उत्पन्नांच्या व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त). गुणांक वाढत गेला की वजन तळाकडे सरकते आणि अखेरीस रॉल्सची कसोटी येते. वरच्या उदाहरणात गुणांक ०.५ धरला तर पहिली योजना निवडली जाते, १ आणि २ ला दुसरी, ३ ला तिसरी. गुणांक १ असताना पहिल्या योजनेची सरासरी ५० असली तरी भूमितीय मध्य ३४.२ इतकाच भरतो. म्हणजे वाटणी समान असती, तर ६८ टक्के उत्पन्नातच तेवढे कल्याण साधले असते. उरलेले ३२ टक्के म्हणजे या वाटणीतल्या विषमतेची किंमत. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०१० पासून विषमता-समायोजित मानव विकास निर्देशांक काढायला सुरुवात केली, त्यातही हाच गुणांक १ धरून वापरलेला आहे.

चुका होतात त्या माहिती भरताना. गुणांक १ किंवा जास्त असेल, तर एकाच कुटुंबाचे उत्पन्न शून्य नोंदले गेल्याने सबंध उत्तर शून्य होते. म्हणून तळाच्या नोंदी आधी तपासा, किंवा उत्पन्नाऐवजी खर्चाचे आकडे घ्या. कुटुंबाचे उत्पन्न तसेच्या तसे वापरू नका. सोपा उपाय म्हणजे त्याला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागणे : चार माणसांच्या घराला २ ने, नऊ माणसांच्या घराला ३ ने. रॉल्सची कसोटी लावताना तर जास्तच जपावे लागते, कारण तिथे सगळा निकाल तळाच्या आकड्यावर टेकलेला असतो. एक बिघडलेली नोंद अख्खी निवड उलटवते. शिवाय १९७१ च्या ग्रंथात रॉल्स ज्यांच्याविषयी लिहितात तो सर्वांत वंचित गट आहे, एकटी व्यक्ती नव्हे. मूलभूत स्वातंत्र्ये आणि संधीची समानता ही त्या कसोटीच्या आधी येतात. स्वातंत्र्य काढून घेऊन तळाचे उत्पन्न वाढवणारी योजना त्यांच्या चौकटीत बसत नाही.

प्रश्न : प्रकल्पाचा लाभ खर्चापेक्षा जास्त असेल तर तो समाजाच्या हिताचा, असे अहवालांत लिहिलेले असते. ते न्याय्य मानावे का?

तेवढ्यावरून नाही. या वाक्यामागे कॅल्डॉर आणि हिक्स या अर्थशास्त्रज्ञांची १९३९ मधली नुकसानभरपाईची कसोटी आहे : ज्यांना फायदा झाला ते तोटा झालेल्यांची भरपाई करून देऊनही नफ्यात राहू शकतात का? सगळा भर 'शकतात' या शब्दावर आहे. भरपाई प्रत्यक्षात दिली जावी, अशी अट नाही. ती दिली गेली नाही, तर तोटा झालेल्याच्या हाती काहीच पडत नाही. स्किटोव्स्की यांनी १९४१ मध्ये आणखी एक दोष दाखवला. कधीकधी हीच कसोटी जुन्या स्थितीतून नव्या स्थितीत जाणे योग्य ठरवते आणि नव्यातून जुन्यात परत येणेही योग्य ठरवते.

यावर उपाय आहे तो वजने लावण्याचा. गटाच्या उत्पन्नाने सरासरी उत्पन्नाला भागा आणि आलेल्या भागाकाराला विषमतेच्या गुणांकाचा घात द्या. समजा, सरासरीच्या दुप्पट उत्पन्न असलेल्या गटाला १२० चा लाभ होतो आणि निम्मे उत्पन्न असलेल्यांना ७० चा तोटा. साधा हिशेब अधिक ५० दाखवतो. गुणांक १ धरला तर वजने ०.५ आणि २ येतात. लाभ ६० होतो, तोटा १४०, आणि निकाल उणे ८०.

कोणता गुणांक घ्यायचा यावर वाद होतोच. तेव्हा उलट बाजूने जा : कोणत्या गुणांकाला निकाल शून्य होतो ते काढा. या उदाहरणात तो सुमारे ०.३९ येतो. म्हणजे विषमतेविषयी थोडीशी जरी आस्था असली, तरी हा प्रकल्प भरपाईशिवाय टिकत नाही. अहवालात हा एक आकडा दिला, तर चर्चा नेमकी होते. मात्र ही वजने लहान बदलांसाठी आहेत. कुणाचे उत्पन्न निम्म्यावर येणार असेल, तर आधीच्या आणि नंतरच्या उत्पन्नांवरून पूर्ण हिशेब करावा लागतो.

प्रश्न : स्वतःच्या मेहनतीने कमावलेल्या संपत्तीवर पुनर्वाटपासाठी कर लावणे अन्याय नाही का?

तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक यांनी १९७४ मध्ये हीच बाजू मांडली : मिळकत न्याय्य, हस्तांतर न्याय्य, मग परिणाम कितीही विषम असो, तोही न्याय्य. पण त्यांच्याच मांडणीत तिसरे तत्त्व आहे, ते म्हणजे पूर्वी झालेल्या अन्यायाच्या दुरुस्तीचे. बळकावलेल्या मालमत्तेतून पुढे आलेली संपत्ती त्यात सुटत नाही. त्यामुळे नॉझिकचा आधार घेणाऱ्याने मालकीचा इतिहासही तपासायला तयार असले पाहिजे. तो तपासला जात नसेल, तर युक्तिवाद अर्धाच राहतो.

प्रश्न : अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांच्या प्रमेयाने न्याय्य सामूहिक निर्णय अशक्य आहे हे सिद्ध केले, असे शिकवले जाते. मग बाकी सिद्धान्तांना अर्थ काय?

प्रमेय इतके सरसकट नाही. १९५१ मध्ये ॲरो यांनी दाखवले ते असे. पर्याय किमान तीन, माणसे किमान दोन, आणि माहिती एवढीच की कोणाचा पसंतीक्रम काय आहे. अशा वेळी पुढच्या सगळ्या अटी एकत्र पाळणारा नियम नसतो : कोणतेही पसंतीक्रम चालावेत, सर्वांना जे जास्त आवडते तेच समाजाच्या क्रमात वर यावे, दोन पर्यायांची तुलना तिसऱ्यावर अवलंबून नसावी, कोणी हुकूमशहा नसावा आणि निघणारा क्रम सुसंगत असावा.

यांतली तिसऱ्या पर्यायाची अट सर्वांत अवघड जाते. पाच जण घ्या. तिघांचा क्रम क, ख, ग. दोघांचा ख, ग, क. पहिल्याला २, दुसऱ्याला १, तिसऱ्याला ० गुण द्या. क ला ६ आणि ख ला ७ मिळतात, ख जिंकतो. आता त्या दोघांनी फक्त ग ला खाली ढकलून ख, क, ग असा क्रम लावला, तर क ला ८ आणि ख ला ७. क आणि ख यांच्यातली पसंती कोणाचीही बदललेली नाही, तरी निकाल उलटला. गुण देऊन निवड करणाऱ्या प्रत्येक समितीने हे ध्यानात ठेवावे : पर्यायांची यादी गुण देण्याआधी गोठवायची.

अमर्त्य सेन यांनी १९७० मध्ये दाखवलेली वाट मात्र जास्त मोलाची आहे. अडचण न्यायाची नसून माहितीच्या तुटवड्याची आहे. कोण जास्त वाईट स्थितीत आहे एवढी तुलना करण्याची मुभा दिली की रॉल्ससारखे नियम शक्य होतात. कोणाचे किती वाढले-घटले याची तुलना मान्य केली की उपयोगितावाद शक्य होतो. लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये अशा तुलनांना शास्त्राबाहेर ठेवले होते. त्यांच्यावाचून न्यायाची भाषाच बोलता येत नाही, असे आम्हाला ठामपणे वाटते.

प्रश्न : सर्वांना सारखी रक्कम दिली की समानता झाली, असे का म्हणू नये?

कारण त्या रकमेतून प्रत्येकाला सारखेच काही करता येत नाही. चालता न येणाऱ्या व्यक्तीचा बराच पैसा इतरांना फुकट मिळणाऱ्या हालचालीवरच खर्च होतो. १९७९ च्या व्याख्यानात सेन यांनी 'समानता कशाची?' असे विचारले ते यासाठी. त्यांचे उत्तर होते क्षमतांची, म्हणजे माणूस प्रत्यक्षात काय करू आणि होऊ शकतो याची. फक्त समाधान विचारूनही भागत नाही. दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसे अपेक्षा कमी करून घेतात आणि 'बरे चालले आहे' म्हणतात. म्हणून पाहणी करताना समाधानाच्या प्रश्नाशेजारी प्रत्यक्ष गोष्टीही विचारा : दवाखान्यापर्यंत एकट्याने जाता येते का, अर्ज वाचता येतो का.

प्रश्न : तीन भावंडांत एकच घर आहे. ते न विकता न्याय्य वाटणी कशी करावी?

पोलिश गणिती क्नास्टर यांची बंद पाकिटाची रीत वापरता येते. प्रत्येकाने घराचे स्वतःला वाटणारे मोल लिहून द्यायचे. समजा आकडे ३००, २४० आणि १८० आले. प्रत्येकाचा हक्क स्वतःच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका : १००, ८०, ६०. घर ३०० लिहिणाऱ्याला जाते आणि त्याचा हक्क वजा जाता तो २०० जमा करतो. त्यातून दुसरे भावंड ८० आणि तिसरे ६० घेते. उरलेले ६० तिघांत २०-२० वाटायचे. घर घेणारा अखेरीस १८० देतो, इतर दोघांना १०० आणि ८० मिळतात. प्रत्येकाला हक्कापेक्षा २० जास्त.

तरीही तिसऱ्याला डाचते : दुसऱ्याला १०० आणि मला ८० का? हेवा वाटू नये अशी वाटणी हवी असेल तर तेच १८० दोघांना ९०-९० द्या. घर घेणाऱ्याकडे त्याच्या हिशेबाने १२० उरतात. दुसऱ्याने घर घेऊन १८० दिले असते तर त्याच्याकडे ६० उरले असते, तिसऱ्याकडे काहीच नाही. मग कोणालाच दुसऱ्याच्या जागी जावेसे वाटत नाही.

पाकिटे एकाच वेळी उघडा. दुसऱ्याचा आकडा आधी कळला तर जास्त मोल लावणारा त्याच्या किंचित वर आकडा लिहून इतरांचा वाटा कमी करतो. अंदाज चुकून तो खाली गेला, तर हवे असलेले घरही हातचे जाते. आणि ज्याच्याकडे रोख नाही तो खरे मोल लिहूच शकत नाही. त्यासाठी पाकिटे भरण्याआधीच ठरवा की घर घेणारा रक्कम किती हप्त्यांत आणि किती व्याजाने देईल. ही अट तिघांनी सही करून ठेवावी.