झूम आउट केल्यावर जुनंच चित्र का दिसतं?

भाऊ, गिरणा धरणाच्या एप्रिलच्या टिफवर (उपग्रहचित्राची फाइल) त्याच नावाने ऑक्टोबरची टिफ टाकली, तर शेजारची .ओव्हीआर फाइल (तिच्यात चित्राच्या लहान, कमी बारकाव्याच्या प्रती म्हणजे ओव्हरव्ह्यू असतात) एप्रिलचीच राहते. नकाशांचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस लांबून बघताना ओव्हीआर वाचतं, अगदी जवळ गेल्यावर मूळ टिफ. म्हणून झूम करताना पाण्याचा काठ अचानक सरकला की संशय घ्या. एरर येणार नाही. क्यूजीआयएस ज्याच्यामार्फत या फाइली वाचतं ते जीडॅल दोन्ही फाइलींच्या तारखा जुळवून बघत नाही.

ओव्हीआरची तारीख टिफपेक्षा जुनी असेल तर ती बहुधा शिळी. पण पेनड्राइव्हवरून कॉपी करताना तारखा बदलतात, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नका. पक्कं करायचं तर टिफ एकटीच वेगळ्या फोल्डरमध्ये न्या, त्याच रीसॅम्पलिंगने (पिक्सेल कमी करायची पद्धत) आणि त्याच पातळ्यांनी (किती पट लहान करायचं) ओव्हरव्ह्यू बांधा, मग दोन्ही फोल्डरांत जीडॅलइन्फो ही जीडॅलची कमांड चेकसम (पिक्सेलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) पर्यायासह चालवा. मूळ बँडचा (चित्राच्या थराचा) आकडा सारखा पण ओव्हरव्ह्यूंचे वेगळे, म्हणजे ओव्हीआर जुनी.

दुरुस्तीसाठी आधी क्यूजीआयएसमधून लेयर काढा, नाहीतर विंडोज फाइल पुसू देत नाही. ओव्हीआर पुसून जीडॅलअ‍ॅडो (ओव्हरव्ह्यू बांधणारी कमांड) आरओ पर्यायासह (ओव्हरव्ह्यू टिफमध्ये न जाता वेगळ्या ओव्हीआरमध्ये जावेत म्हणून) २, ४, ८, १६ पातळ्यांवर चालवा. रीसॅम्पलिंग उपग्रहचित्राला अ‍ॅव्हरेज, केळी-कापूस अशा वर्गीकरणाला निअरेस्ट (एका पिक्सेलची किंमत तशीच घेणारं), कारण सरासरीने नसलेले वर्ग तयार होतात.

रंग विचित्र दिसले तर शेजारची .ऑक्स.एक्सएमएल फाइल बघा, त्यात पिक्सेल-किमतींचे जुने किमान-कमाल असतात. मात्र डोळे झाकून उडवू नका, कधी कधी प्रोजेक्शनही (नकाशाची निर्देशांक पद्धत) तिथेच असतं.