शॅम्पेन बनवणारं एखादं जुनं घराणं आजही त्याच कुटुंबाकडे आहे का? असल्यास त्याचा इतिहास काय?

हो, आहे. मोएत, व्हव क्लिको, क्रूग ही मोठी नावं केव्हाच एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या बड्या समूहात गेली, पण फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात, एपर्ने शहरातलं पोल रोजे अजून घरच्यांच्याच हातात आहे. मला या घराण्याबद्दल फार आदर आहे. त्यांच्यावर जे ओढवलं, त्यात दुसऱ्या कुणी धंदा विकून टाकला असता.

पोल रोजे हा एका नोटरीचा मुलगा. 1849 मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी त्याने वाइनचा व्यवसाय सुरू केला आणि पन्नास वर्षं तो वाढवला. 1899 च्या अखेरीस तो गेला. कारभार मोरिस आणि जॉर्ज या मुलांकडे आला आणि दोनच महिन्यांत, 23 फेब्रुवारी 1900 च्या रात्री, तळघरं खचली. वरच्या इमारतींचा काही भागही खाली आला. 500 पिंपं आणि सुमारे 15 लाख बाटल्या मातीखाली गेल्या. खणून माल काढायचा विचार झाला, पण धोका बघून तो सोडावा लागला. भावांनी तिथूनच पुन्हा उभारणी केली. वडिलांचं पूर्ण नाव त्यांनी आडनाव म्हणून लावलं, म्हणून आजही ते कुटुंब 'पोल-रोजे' आहे. 2018 मध्ये नव्या बांधकामासाठी खोदताना त्या ढिगाऱ्यातून 1887 ते 1898 या काळातल्या 26 बाटल्या अख्ख्या सापडल्या!

मोरिस पुढे शहराचा महापौर झाला. सप्टेंबर 1914 मध्ये जर्मन सैन्य एपर्नेत शिरलं, तेव्हा बाकीचे अधिकारी निघून गेले होते. हा गोळी घालण्याच्या धमक्या ऐकूनही जागचा हलला नाही. त्या वर्षीची द्राक्षं तोफांच्या आवाजात बायका, म्हातारी माणसं आणि मुलांनी तोडली.

चर्चिलचा किस्सा सगळेच सांगतात. 1944 मध्ये पॅरिसच्या एका भोजनात त्यांची घराण्याची सून ओदेत हिच्याशी ओळख झाली आणि ती मैत्री शेवटपर्यंत टिकली. 1965 मध्ये ते गेले, तेव्हा ब्रिटनला जाणाऱ्या बाटल्यांच्या लेबलांना काळी किनार आली. 1984 मध्ये त्यांच्या नावाची खास शॅम्पेनही बाजारात आली.

माझ्या मते खरी गंमत तळघरात आहे. शॅम्पेनचं दुसरं आंबवणं बाटलीतच होतं, त्यामुळे यीस्टचा गाळ आतच राहतो. तो तोंडाशी आणायला बाटल्या लाकडी घोडीच्या भोकांत तिरप्या खोचतात आणि थोड्या थोड्या फिरवत, हळूहळू उलट्या करत नेतात. मग बाटलीचं तोंड गोठवून गाळ उडवून देतात. बहुतेक ठिकाणी हे फिरवणं आता यंत्र करतं. पोल रोजेमध्ये माणसं दोन्ही हातांनी दोन दोन बाटल्या धरून, मनगटाच्या एका झटक्यात ते करतात. काम वेळखाऊ आहे, खर्चिकही आहे. भागधारकांना दर तिमाहीला हिशेब द्यावा लागला असता, तर ते इतकी वर्षं चालू राहिलं असतं असं मला वाटत नाही.