नाशिकला राहून भाषाविज्ञान विभागाची व्याख्यानं ऐकायला जाण्यात अर्थ आहे का? डिग्री नसलेल्याला काही कळतं का?

कळतं, पण दिसलं व्याख्यान की सुटलो असं करू नका. माझीही त्यातली डिग्री नाही, नोकरी सांभाळून हौसेनं जातो. आपल्याला सोयीचे विभाग दोन, मुंबई विद्यापीठाचा कलिनाला आणि पुण्यात येरवड्याचं डेक्कन कॉलेज. मी पुण्यालाच जास्त जातो, संगमनेरवरून एसटी, वाकडेवाडीला उतरून रिक्षा. आधी विभागाला मेल टाका की बाहेरचा आहे, येऊ का, मला तरी अजून कोणी नाही म्हटलेलं नाही.

विषयाची चार ओळींची माहिती देतात ती नीट वाचा. नुसती थिअरी असेल तर दहा मिनिटांत आपली विकेट पडते (आणि बोलणं बहुतेक इंग्लिशमधेच असतं). फील्डवर्कवालं असेल तर मात्र सोडू नका, कारण त्यात आपल्या जिल्ह्यासारखा माल दुसरीकडे कमीच सापडेल. बघा ना, आपल्याकडे 'काय करू राहिला', विदर्भात 'करून राहिला', पुण्यात 'करतोय', मालेगाव-सटाण्याकडे गेलं की अहिराणी आणि सुरगाणा-पेठला कोकणा. अहिराणी बोली की वेगळी भाषा यावर इथे चहाच्या टपरीवर पण वाद होतात, पण भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रियर्सनने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांसोबत ठेवलं होतं, जनगणनेतही ती मराठीपासून वेगळी मोजतात, आणि घरात अहिराणी बोलणारे माझे कितीतरी मित्र मातृभाषा विचारली की सरळ मराठी सांगतात! व्याख्यानानंतर चहाला हे असलं काही बोललात तर तिथली पीएचडीची पोरं वही काढतात.

जाण्याआधी एक करा. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मिळून मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, गावोगावच्या लोकांची रेकॉर्डिंग आणि कुठला शब्द कुठे चालतो त्याचे नकाशे नेटवर फुकट आहेत. नाशिक जिल्ह्याचं ऐकून जा, प्रश्न आपोआप सुचतील.

आणि डेक्कन कॉलेजला गेलातच तर परवानगी काढून तिथलं संस्कृत शब्दकोशाचं कामही बघून या, १९४८ ला सुरू झालं, पहिला खंड १९७६ ला आला आणि इतके खंड निघूनही गाडी 'अ' वरच आहे.